आतल्या खोलीतले यजमान

काच उन्हात सरकवून मी सावलीला येत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. माझ्या गच्चीवर कुणी येत नसे. दूधवाला पिशवी खालच्या गजाला अडकवून जायचा, कुरिअरवाला रस्त्यावरूनच हाक मारायचा. म्हणून मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि वाट बघत उभी राहिले.

वर आले ते एक म्हातारे गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात रुमालाची लहानशी घडी. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी दम खाल्ला.

"उन्हात फोटो छापतात ते इथंच का?"

मी होय म्हटलं आणि त्यांना पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल दिलं. ते बसले नाहीत. आधी नाव सांगितलं. रंगनाथ तेरदाळकर, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता रिटायर, मागच्याच गल्लीत घर. दातांच्या डॉक्टरांकडे माझा एक फोटो लावलेला होता, कृष्णेच्या घाटाचा, तपकिरी रंगातला. तो बघून त्यांनी माझा पत्ता विचारून घेतला होता.

"तो चकाकत नाही," ते म्हणाले. "मी उभं राहून बघितलं, बसून बघितलं, खिडकीकडनं बघितलं. आपलं तोंड त्यात दिसत नाही. मला तसला पाहिजे. काच लावायची नाही आणि चकाकी अजिबात नको."

रुमालात ओळखपत्रावरून सोडवलेला एक फोटो होता, काडेपेटीपेक्षा लहान. दाट केसांचा, भांग पाडलेला, थोडा बावरलेला तरुण. शर्टाच्या कॉलरवर जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल आला होता.

केवढा करायचा, असं मी विचारलं. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंना धरले.

"एवढा. खरा माणूस असतो तेवढा. आणि तो शिक्का काढा. घरात कुणी शिक्का मारून बसत नाही."

कशासाठी हवाय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझ्याशी इतकं बोललेलं ते पहिलंच माणूस होतं. आई गेल्यानंतर मी सांगलीतच राहिले होते. पुण्याला परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि इथं राहण्यासारखंही काही नव्हतं. बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं करून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात गच्चीवर हा उद्योग करायचा, असं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, काम बघायला. मी त्यांना समजावून सांगितलं की ऊन फोटो मोठा करून देत नाही. कागदावर जेवढं चित्र हवं तेवढीच मोठी निगेटिव्ह त्यावर ठेवावी लागते. म्हणून तो चिमुकला फोटो मी कॉम्प्युटरवर घेणार, मोठा करणार, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून लेबलांच्याच प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर छापणार. ती फिल्म म्हणजे आपली निगेटिव्ह. पुढचं सगळं उन्हाचं.

"म्हणजे निम्मं काम मशीनचं आणि निम्मं देवाचं," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

पहिली निगेटिव्ह वाया गेली. लेबलांचा हंगाम संपल्यापासून प्रिंटर बंद होता, शाईची तोंडं सुकली होती. चेहऱ्यावर आडव्या बारीक रेघा आल्या. दुसरी दिसायला चांगली होती, पण शाई विरळ पडली होती. ऊन तिच्यातून सरळ आरपार गेलं आणि तो तरुण डांबर फासल्यासारखा निघाला. मग मी करड्या छटांची एक पट्टी छापली, ती उन्हात लावली, कुठली छटा किती काळी पडते ते बघितलं आणि त्या हिशोबानं फोटोतला उजेड बदलत गेले. तेरदाळकर काका रोज यायचे. मी 'काका' कधी म्हणायला लागले ते मला आठवत नाही. ते फारसे बोलायचे नाहीत. बोलले तर स्टँडच्या गोष्टी सांगायचे. फलाटावर हरवलेली पोरं, गाडी चुकल्यावर रडणाऱ्या नव्या नवऱ्या, चुकीच्या गाडीत बसून जतला पोचलेला एक वऱ्हाडी. ऊन उतरायला लागलं की मात्र ते मध्येच उठायचे. जिना उतरताना घाई करायचे.

पुढची निगेटिव्ह मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आभाळाकडे धरली. निगेटिव्हमध्ये त्या तरुणाचे काळेभोर केस पांढरेशुभ्र झाले होते.

"हा तर आत्ताचा मी," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी हात खाली केला नाही.

त्या दिवशी ऊन कडक होतं. न्हाणीघरात अंधार करून वाळवलेला हातकागद मी बाहेर आणला. त्यावर चांदीच्या क्षाराचा पिवळसर हात दिलेला होता. त्यावर निगेटिव्ह, वर काच, चारी बाजूंनी चिमटे. कडेचा पिवळा रंग तांबूस होत गेला, मग विटकरी. मग कागद पाण्यात टाकला. पिवळं सगळं वाहून गेलं आणि खाली चेहरा उरला. पुढच्या द्रावणात तो हळूहळू गडद होत कॉफीच्या रंगावर आला. काका ट्रेवर वाकले होते. खरा माणूस असतो तेवढा चेहरा पाण्याखालून त्यांच्याकडे बघत होता.

छान आलाय, असं मी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. फोटो वाळल्यावर मी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. त्यांनी तो आडवा-तिडवा करून उन्हात धरला, कुठल्याच बाजूनं चकाकत नाही याची खात्री केली आणि छातीशी धरून खाली उतरले.

त्यानंतर ते आले नाहीत.

सुरुवातीला वाटलं, काम झालं, आता कशाला येतील. पण स्टूल टाकीच्या सावलीतच राहिलं आणि जिन्यावर काही वाजलं की मी ब्रश थांबवायला लागले. असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी मी घराला कुलूप लावलं आणि मागच्या गल्लीत गेले.

लहानसं बैठं घर होतं. पुढं ओसरी, मग एक लांबट खोली, मग आतली खोली. काका ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. खुर्चीपाशी उशी होती, पांघरुणाची घडी होती, रेडिओ होता, दाढीचं सामान होतं. माणूस प्रवासात फलाटावर सामान लावून बसतो तसं ते बसले होते.

"तुम्ही बाहेर?"

"आत ती आहे," ते म्हणाले. "आणि तो आहे."

आतून एका बाईचा आवाज येत होता. ती कुणाला तरी भाजी काय करू म्हणून विचारत होती, मध्ये थांबत होती, हसत होती. काकांनी मला आत जाऊन बघायला सांगितलं.

आतल्या खोलीत काकांच्या पत्नी, अनसूयाकाकू, पलंगावर बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. केस नीट विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकलेला होता. समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल अशा उंचीवर, मी छापलेला तो तरुण होता आणि त्याच्यासमोर तिपाईवर झाकलेलं ताट होतं.

"या ना," काकू म्हणाल्या. "ह्यांच्याकडे काम होतं का? आज सुट्टी आहे त्यांना." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बाहेर ते कोण म्हातारे बसलेत, त्यांना तेवढं आत येऊ देऊ नका. यजमान घरात असताना परका माणूस बरा दिसत नाही."

दार उघडंच होतं. काकांना सगळं ऐकू गेलं असणार.

मी बाहेर आले. मग त्यांनी सांगितलं. दोनेक वर्षांपासून काकूंना विसरायला होत होतं. आधी वस्तू, मग माणसं, मग मधली सगळी वर्षं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या वर्षांची आठवण द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. काकूंच्या लेखी त्यांचं नुकतंच लग्न झालेलं होतं आणि नवरा ड्यूटीवरून परत येत नव्हता. दिवस कलला की त्या फाटकाशी जायच्या. हे अजून आले नाहीत म्हणून रडायच्या. एकदा तर चालत स्टँडपर्यंत गेल्या. मीच तो, असं काका सांगायला गेले की त्या ओरडायच्या, हाताला येईल ते फेकायच्या. आरशात त्यांना एक म्हातारी दिसायची, म्हणून त्यावर टॉवेल. जुना फोटो फ्रेममध्ये लावून बघितला होता, पण काचेतही तीच म्हातारी यायची, नवऱ्याच्या तोंडावर तोंड ठेवून.

"आता बरं आहे," काका म्हणाले. "दोन वेळा जेवते. संध्याकाळी फाटकाकडे जात नाही. रात्री झोपते. स्वयंपाकाच्या बाई सांगत होत्या की परवा गाणं म्हणत होती."

"आणि तुम्ही?"

"तिची गाडी लागली की वेळेवर. मग मी फलाटावर असलो म्हणून काय झालं?"

ते हसले, पण मला हसू आलं नाही. घरी येऊन मी तो दिवस काही न करता घालवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले ते एक कल्पना घेऊन. काकूंसमोर एकीकडे तरुण माणूस होता आणि एकीकडे एकदम म्हातारा. मधला रस्ताच नव्हता. आपण मधले थांबे घेऊ, असं मी म्हटलं. चाळिशीतले काका, पंचावन्नचे काका, मग आताचे. सगळे त्याच कागदावर, त्याच रंगात, तेवढेच मोठे. एक लावायचा, सवय होऊ द्यायची, मग पुढचा.

काकांनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं. मग उठून लांबट खोलीतल्या पेटीतून फोटो शोधायला लागले.

तो चैत्र आम्ही गच्चीवर काढला. काका स्वतः काच पुसायचे. फिल्मची खरखरीत बाजू बोटानं ओळखून मला द्यायचे, कारण गुळगुळीत बाजूवर शाई धरत नाही हे आता त्यांना कळलं होतं. मी सकाळी दोघांचं उप्पीट करून ठेवायला लागले होते. शेवटचा फोटो मी तिथंच टाकीच्या सावलीत काढला. त्या दिवशी ते दाढी करून, नवा शर्ट घालून आले होते. निगेटिव्हमध्ये त्यांचे केस काळे दिसले, पण या वेळी त्यांनी हात लगेच खाली केला. फिल्म माझ्या हातात परत दिली आणि ती चांगली आली का, एवढंच विचारलं.

चाळिशीतला फोटो त्या तरुणाच्या शेजारी लावला. काकूंनी तो पाहिला आणि स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं की यांचे थोरले भाऊ आलेत, भात वाढवा. काकांना भाऊ नव्हता. तरी आम्ही तो राहू दिला. काकू त्याला हसून बोलायच्या, पण नवऱ्याशी बोलायच्या तसं नाही.

मग पंचावन्नचा लावला. त्या दिवशी मी तिथंच होते. काकू त्या फोटोपुढं उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. त्याच वेळी काका दारात आले. काकूंनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"मामंजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी आलात?"

आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या.

काकांनी पाय मागं घेतले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात पुढं करून आशीर्वाद दिला. अखंड सौभाग्यवती भव. आवाज अगदी बारीक झाला होता. ते वळून ओसरीवर गेले, मी मागोमाग गेले. मला त्यांची माफी मागायची होती. त्यांनी हातानंच थांबवलं.

त्यांचे वडील जाऊन कैक वर्षं झाली होती. फार तापट होते, ते म्हणाले. घरात पाऊल टाकलं की भांड्यांचा आवाज बंद व्हायचा. "म्हणजे आता मी तसा दिसतो," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चाचपला.

आताच्या काकांचा फोटो आम्ही लावलाच नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

पण त्या दिवसापासून एक झालं. ओसरीवरचा म्हातारा परका राहिला नाही. काकू त्याला घाबरत नव्हत्या, हाकलत नव्हत्या. सकाळी पदर सावरून उंबऱ्यापर्यंत यायच्या, चहाची कपबशी उंबऱ्याच्या आत ठेवायच्या आणि मागं सरायच्या. काका वाकून ती उचलून घ्यायचे. एक शब्द बोलणं नाही. सासऱ्याशी बोलायचं नसतं, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. बढती झाली माझी, असं काका मला म्हणाले. ते त्या कपबशीची वाट बघत बसलेले असायचे हे मला दिसायचं.

वैशाखातली एक दुपार. मी काकांना कलिंगडाच्या फोडी घेऊन गेले होते. आम्ही ओसरीवर बसलो असताना काकू दाराशी आल्या. हातात चहा नव्हता. पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मामंजी, एक विचारू का?"

काकांनी हातातली फोड ताटलीत ठेवली.

"सिंधूचं लग्न ठरलंय. जमखंडीहून बाबांचा निरोप आलाय. आठ दिवस जाऊन येऊ का?"

सिंधू म्हणजे काकूंची धाकटी बहीण. त्या लग्नाला काकू गेल्या नव्हत्या. घरात पाहुणे यायचे होते म्हणून काकांच्या वडिलांनी नाही म्हटलं होतं, आणि काका तेव्हा याच दारात उभे राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सिंधू पहिल्याच बाळंतपणात गेली. काकूंनी तो विषय पुढं उभ्या आयुष्यात काढला नव्हता. त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की काका दारातल्या चपलांकडे बघतायत.

"जा," शेवटी ते म्हणाले. "आठ दिवस कशाला? महिनाभर राहा."

काकू हलल्या नाहीत. त्यांना खरं वाटलं नसावं. मग आतल्या खोलीकडे मान वळवून त्यांनी हळूच विचारलं, "आणि ह्यांच्या जेवणाखाणाचं?"

"मी बघतो त्याच्याकडे," काका म्हणाले.

त्यांनी मला रिक्षा आणायला पाठवलं. मी घेऊन आले तोवर काकूंनी पिशवीत एक साडी, फणी आणि हळदीकुंकवाची डबी भरली होती. ही कोण, असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. ही तुझ्या सोबतीला येतेय, असं काकांनी सांगितलं. त्यांनी रिक्षावाल्याला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं आणि फाटकाशी उभे राहिले.

आम्ही बायपासच्या पुलापर्यंत गेलो, तिथून नदीच्या कडेनं परत फिरलो. काकू सगळ्या रस्त्यानं बोलत होत्या. सिंधूला कुठला रंग शोभतो, बाबा निरोप द्यायला कसे घाबरले असतील, जमखंडीत उतरल्यावर कुठल्या वळणाला घर दिसतं. माझा हात त्यांनी त्यांच्या हातात घेतला होता. तो कुणी इतका वेळ धरून किती दिवस झाले होते, हे मला त्या रिक्षात कळलं.

घाटापाशी त्यांनी लग्नाचा विषय सोडला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मामंजींचं मला सगळ्यांनी वेगळंच सांगितलं होतं गं. तसे नाहीत ते. बिचारे बाहेरच बसून असतात. आल्यावर ह्यांना विचारते आणि त्यांना आत बसायला बोलावते."

घरी पोचेपर्यंत त्यांना लग्नही आठवत नव्हतं आणि जमखंडीही. त्या थकल्या होत्या. आत जाऊन त्यांनी भिंतीवरच्या तरुणाला आलेच हं असं सांगितलं आणि पलंगावर आडव्या झाल्या.

काका ओसरीवर होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि काकू रिक्षात काय म्हणाल्या ते त्यांना सांगितलं.

"असं म्हणाली?"

"होय."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. आतल्या खोलीचा पडदा वाऱ्यानं हलत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.